राखेखालचं पाणी

विद्यालक्ष्मीबाईंना कुणी हट्टी म्हटलं की त्या खुशाल मान डोलवायच्या. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, वडील तमिळ किनाऱ्यावरच्या एन्नोरला कोळशाच्या वीजकेंद्रात फिटर. सगळं बालपण राखेच्या धुरळ्यात गेलं. रणगाड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं सुट्या भागांचे आराखडे काढून झाल्यावर त्या एका खासगी कंपनीत उपग्रहाची छायाचित्रं तपासायला बसल्या. सैन्याला सीमेपलीकडच्या गाड्या मोजून हव्या असत, सरकारी मदतकेंद्राला पुरात बुडालेली घरं. बाईंच्या सहीशिवाय कुठलाच नकाशा बाहेर पडत नसे.

चक्रीवादळ सरलं, ढग हटले आणि सकाळीच एन्नोरचं छायाचित्र आलं. संगणकाने पाणी निळं रंगवलं, कोरडी जमीन पिवळी. खाडीकाठची एक कोळीवस्ती पिवळी निघाली. मदतकेंद्र याच नकाशावरून बोटी धाडणार होतं. पिवळ्या वस्तीला बोट मिळणार नव्हती.

बाईंनी मूळ छायाचित्र मोठं करून पाहिलं. वस्तीवर ओळखीचा राखाडी रंग पसरला होता. पुरात वीजकेंद्राची राख मिसळली की पाणी वरून उजाड माळासारखं दिसतं. संगणक बिचारा एन्नोरला कधी राहिला होता?

त्यांचे साहेब उमाकांत, मूळचे नागपूरचे. नकाशा अकराच्या आत द्यायचा होता, मागे सैन्याचं काम खोळंबलं होतं. छायाचित्रात घरांच्या मधे दिसणाऱ्या होड्यांवर बोट ठेवून ते म्हणाले की कोळी होड्या वाळूवर ओढून ठेवतातच, म्हणजे जमीन कोरडीच आहे.

"नीट पाहा, सार," बाई म्हणाल्या. "वाळूवरच्या होड्या वाटेल तशा पडतात. ह्या सगळ्यांची तोंडं एकीकडेच आहेत. दोरीला बांधलेल्या, प्रवाहाने वळून पाण्यावर तरंगताहेत."

शत्रूच्या गाड्या टिपताना त्यांना हेच शिकवलं होतं: वस्तू कुठे आहे त्याबरोबर ती कशी उभी आहे तेही बघायचं. साहेबांना पटलं, पण ते नियम सोडेनात. संगणकाचा रंग बदलायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागे, ती दुपारी आली असती.

"तोवर आहे त्यावर सही करा."

"करीत नाही," बाई म्हणाल्या. "छपरावरच्या माणसांस दुपारपर्यंत थांबा म्हणून कोण सांगणार? तुम्ही?"

साहेबांचं उत्तर येईपर्यंत बाईंनी वस्ती निळी केली होती. खाली टीप लिहिली, 'हाताने दुरुस्ती, जबाबदारी माझी', आणि नकाशा धाडून दिला.

संध्याकाळी मदतकेंद्राचा फोन आला: छपरांवरून एकशे बारा माणसं उतरवली होती. बाई खुर्चीत बसून मोकळेपणी रडल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. परवानगीविना बदल केल्याबद्दल माफी लिहून द्या, पुन्हा असं करणार नाही म्हणा, नाहीतर नोकरी जाईल. उमाकांतांनी कोरा कागद पुढे ठेवला आणि हळूच म्हटलं, दोन ओळी लिहा, विषय संपेल.

बाईंनी दोनच ओळी लिहिल्या. 'माझी चूक झाली नाही. पाणी पुन्हा जमीन म्हणून आलं, तर पुन्हा निळं करीन.'

कागद साहेबांच्या हातात दिला, आणि सैन्याचं खोळंबलेलं काम उघडून त्या गाड्या मोजायला लागल्या.