पहिला रोही

आधी मावशीचं सांगतो, कारण ती नसती तर पुढचं सांगायला काही उरलंच नसतं. मावशी म्हणजे उंद्रीतली माझी घरमालकीण. वय साठीच्या पुढं, दीड एकर वावर, त्यात कोबी, वांगी, मेथी. मोबाईलवर आलेला फोन उचलणं तेवढं तिला येतं. आणि तिनं मला ज्या संकटातून सोडवलं ते मोबाईलवरच्याच एका खेळातलं होतं.

मी कोकणातला. नववीत शाळा सोडली. पुढं दोन वर्षांनी घरही सोडलं, ते धाकट्या बहिणीला न सांगता. आईला सांगितलं, तिला सांगायचा धीर झाला नाही. ती रडली असती तर माझा पाय निघाला नसता. ठिबकच्या नळ्या जोडायच्या कामावर फिरत फिरत इकडं बुलढाणा जिल्ह्यात पोचलो. तेव्हापासून बहीण माझा फोन घेत नव्हती. आईशी बोलताना मागून तिचा आवाज यायचा, तेवढाच.

मग गेल्या थंडीत तिच्याकडून खेळाचं आमंत्रण आलं. सोबत शब्द एकही नाही. लहानपणी मामाच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघं एकाच खुर्चीत दाटीनं बसून खेळायचो, तोच खेळ. एक गाव वसवायचं, शेती करायची, सैन्य उभं करायचं, आणि हजारो वर्षं ते टिकवायचं. एकाची पाळी झाली की दुसऱ्याची. आता ती कॉलेजातून तिची पाळी खेळणार, मी उंद्रीतून माझी. रोज एक-दोन पाळ्या व्हायच्या. तिची पाळी आली म्हणजे ती आज मला विसरली नाही, एवढं मला पुरायचं. पण माझं गाव पडलं की डाव बंद. बंद झाल्यावर ती दुसरा पाठवेल याची काय खात्री?

म्हणून मी घाबरून खेळलो. पहिला गदावाला तयार झाला, त्याला गावात बसवला. दुसरा झाला, तोही गावात. तिसरा गोफणवाला, तोही तिथंच. या खेळात नकाशा सुरुवातीला काळा असतो, आपला माणूस जिथं जाईल तेवढाच उघडतो. माझा गावाभोवतीचाच उघडला होता. अठराव्या पाळीला त्या काळोखातून लुटारूंचा एक टेहळ्या आला, गावाच्या कडेला थांबला, पाहिलं आणि परत वळला. तो तळावर पोचला की मागून टोळी येते, हे मामाच्या घरापासून माहीत होतं.

रविवार सकाळ होती. मावशी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती.

"काऊन रे, चहा थंडा होऊन राह्यला. कोनाचा फोन हाय?"

"फोन नाही मावशी. गाव आहे माझं. लुटायला येणार आहेत."

हसेल असं वाटलं. ती हात पुसत आली आणि मोबाईलमध्ये डोकावली.

"हे तुह्यं गाव? अन् हे मानसं?"

"राखणदार."

"तिघंबी घरातच? अन् हा तं गोफनवाला दिसते. गोफन घरात फिरवतेत काय बे?"

ती शेजारी टेकली.

"माह्या वावरात नळ्या तूच टाकल्या ना? मंग सांग, खोपडी कुठं हाय?"

खोपडी, म्हणजे राखणीला बसायची झोपडी, विहिरीजवळ नाही, कोबीजवळही नाही. पार टोकाला, नाल्याकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उंचवट्याला आहे. इतक्या लांब का बांधली, हे मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

"आधी एकटा रोही येते," ती म्हणाली. नीलगाईला इकडं रोही म्हणतात. "पाहून जाते. त्याले कोनी हटकलं नाही, तं मंग कळप घेऊन येते. कळप आला का कोनाच्या बापाले आवरत नाही. पहिल्यालेच वापस धाड."

"आणि घर उघडं पडलं तर?"

"घराले एक पुरे. तू भेतं म्हनून तीन ठेवले."

एक गदावाला गावात ठेवला. दुसऱ्याला टेहळ्याच्या वाटेत आडवा घातला, गोफणवाल्याला टेकडीवर चढवलं. दुसऱ्या दिवशी पुढची पाळी आली. वरून गोफण, समोरून गदा. टेहळ्या तळावर पोचलाच नाही. टोळी आली नाही. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गोफणवाला मी टेकडीवरच ठेवला. जिथवर आपली नजर असते तिथं लुटारूंचा तळ पडत नाही. चार दिवसांनी त्या टेकडीवरून वेगळ्या रंगाचा एक माणूस दिसला. बहिणीचा. दुपारी मी वावरात नळीला भोक पाडत होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"हा तूच खेळतोयस ना?" तिनं विचारलं.

"मीच. का?"

"तुझा माणूस बाहेर कसा? मामाकडं तर सगळे घरात कोंडून ठेवायचास आणि विसाव्या पाळीला मरायचास. मी दुसरा डाव मांडूनसुद्धा ठेवला होता. म्हटलं, मोबाईल चोरीला गेला की काय याचा."

मी तिथंच सरीत बसलो. म्हणजे डाव बुडाला असता तरी दुसरा होता. एवढे दिवस मी उगाच जीव टांगून बसलो होतो.

मग ती म्हणाली, "न सांगता गेलास."

"हो."

"आता आलास की जाताना सांगून जा."

"सांगेन."

संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. "मंग?" एवढंच म्हणाली, आणि वांग्याची पाटी माझ्याकडं सरकवली, "हे उचल."

मावशीची लेक बीबी गावात दिलेली आहे. कोबी उभी असते तोवर मावशी तिच्याकडं मुक्कामाला जात नाही. सकाळी जाते, दिवस मावळायच्या आत परत, कारण धुऱ्यावर बसायला दुसरं कोणी नाही. हे मी तिला अजून बोललेलो नाही, इथं लिहून ठेवतो. एखाद्या वर्षी, कोबीचे गड्डे भरत आले की, मी आठ दिवस सुट्टी काढीन आणि त्या खोपडीत बसेन. ती लेकीकडं निवांत राहून येईल. गोफण शिकतोय. दगड अजून मागंच जातो, पण तोवर जमेल.