बापाला अरे-तुरे

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पुढं का झालं नाही, तर गरिबी होती, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. मी विचारलंच नाही, हे खरं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. आबा, म्हणजे माझे वडील, वाईट नव्हते. दारू नाही, मारझोड नाही. पण त्यांच्याशी थेट बोलायची घरात रीत नव्हती. काही हवं असलं की आईला सांगायचं. आई त्यांना वाढताना म्हणायची, "पोरीला पाटी पायजे," आणि ते हूं म्हणायचे किंवा म्हणायचे नाहीत. मी चौथी पास झाले त्याच उन्हाळ्यात आई मेली. गुरुजी म्हणाले, "आबांना सांग, पाचवीला दहिवडीला घाला." सांगायचं कुणी? मी आठ दिवस चुलीपाशी बसून वाक्य जुळवलं. शाळा सुरू झाली तेव्हा मी शेळ्यांमागं होते. मला शिकायचं होतं हे आबांना मरेपर्यंत कळलं नाही.

आम्ही पिढ्यांपासून ख्रिस्ती. पाळक उपदेशात सांगायचे की येशू देवाला अब्बा, म्हणजे बाप, म्हणायचा. मला ते आबा ऐकू यायचं, आणि आबांशी थेट बोलायची तर रीत नव्हती. मग मी माझी सोय काढली. जे मागायचं ते येशूला सांगायचं, तो बापाला सांगेल. नाहीतरी प्रार्थना त्याच्याच नावानं संपवतात. कधी बापाचं नाव घ्यावंच लागलं तर मी "आवं देवा" म्हणायची. लग्न होऊन वडूजला आले, तिथं बायकांच्या सभेत एकदा मोठ्यानं तसं म्हटलं, तर शेजारची म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली, "आवं? देव काय तुझा दादला हाय व्हय गं?" सगळ्या बायका हसल्या. पाळकांची बायकोसुद्धा.

माझी लेक तशी नव्हती. ती सहा महिन्यांची असताना तिचा बाप गेला. तिनं बाप पाहिलाच नाही, म्हणून तिला बापाची भीती ठाऊक नव्हती. भाजी करपली तरी ती देवाला म्हणायची, "बापा, हसू नकोस, आज मीठबी जास्त पडलंय."

मी दटावायची, "जरा नीट बोल की. देव हाय त्यो."

"माझा बाप हाय. तुझा साहेब असंल."

बेचाळिसाव्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. शेवटी डॉक्टरांनी जावयाला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या. मी वडूजचं दार लावलं आणि साताऱ्याला तिच्या घरी राहायला गेले. जावई एमआयडीसीत कामाला. दिवसभर आम्ही दोघीच. तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. मी सत्तरीची, तरी तिला एकटी उचलून कूस बदलत होते, इतकी ती हलकी झाली होती. दुखायच्या गोळ्या चार तासांनी द्यायच्या होत्या, पण दोन तासांतच त्यांचा जोर सरायचा. उरलेले दोन तास ती फडका दातात धरायची.

मी रोज येशूकडं निरोप द्यायची. लेक वाचू दे म्हणावं.

एका सकाळी तिचं अंग पुसत होते, तेव्हा ती म्हणाली, "आये, बापाला सांग, आता ने म्हणावं मला."

मी पुसायचं थांबले नाही. म्हटलं, "तूच सांग. तुझं ऐकतो त्यो."

"मी मागितलं तर त्याला वाटंल, पोरगी रुसली."

"बरं. येशूला सांगते."

"मधी कशाला कुणी? थेट सांग की."

मी हो म्हटलं आणि दिवसभर टाळलं. कुठल्या आईच्या तोंडातून हे निघेल? दुसऱ्या दिवशी ती नुसती माझ्याकडं बघायची. सांगितलंस का, असं विचारत नव्हती. दुपारी गोळीला अजून तास होता. तिनं फडका धरला, पण दातांत जोर नव्हता, तो खाली पडला. मग ती ओरडली. शेजारणीनं तिच्या खोलीतला टीव्ही बंद केला.

मी कॉटची दांडी धरून म्हटलं, "आवं देवा, तिला न्या." ती ओरडतच होती. मग माझ्या तोंडून निघालं, "ने की तिला आता. बघत काय बसलायस? किती बघशील?"

आबांनी कधी हात उचलला नाही, पण त्यांना असं बोलले असते तर कानफटात बसली असती. इथं कुणी रागावलं नाही. आवाज आला नाही, उजेड पडला नाही, तिचं दुखणंसुद्धा थांबलं नाही. पण कुणी रागावलं नाही हे मला कळलं, आणि समोर कुणी असल्याशिवाय ते कळत नाही. मी मागितलं ते मला नको होतं, हेही त्याला ठाऊक होतं. त्या दुपारी मी त्याला पुष्कळ बोलले. शिव्यासुद्धा दिल्या. एवढं मी आयुष्यात कुठल्याच बापाशी बोलले नव्हते.

त्यानंतर ती दीड दिवस जगली. गेली तेव्हा जावई कामावर होता. तो येईपर्यंत मी तिला आंघोळ घालून तिची निळी साडी नेसवून ठेवली.

माती झाल्यावर तो चर्चला येईना. महिनाभरानं मीच विषय काढला तर म्हणाला, "आई, तुमी येवढी परार्थना केली. रोज बघत हुतो. तरी ऐकलं न्हाई त्यानं."

मी म्हटलं, "ऐकलं."

"काय ऐकलं? मेली ना ती?"

मी काय मागितलं होतं ते त्याला सांगायचा धीर झाला नाही. अजून झालेला नाही. आता इथं लिहिलंय, तर कधीतरी वाचेल. मग त्यानं माझ्याशी बोलायचं बंद केलं तर करू दे.