रंगच असंल, म्हणालो

धर्मा गेल्याचा फोन आला, तवा मी चप्पल शिवत हुतो. महिना झाला. फोन ठेवला आन ऱ्हायलेलं शिवलं... सांजंला बगतोय तर दोन्ही पाय डावंच. माझी अक्कल तेवढीच. सहीपुरतं लिहाय येतंय, म्हणून ह्ये सूनबाई लिहून घेतीया.

शाहूपुरीत एकाच पत्र्याखाली आमी दोघं चपला करायचो. पट्ट्यास्नी लाल रंग मारायचं काम धर्माचं. हात कोपरापातूर लाल, त्याच हातानं तंबाखू मळायचा. एक दिस मला मोरीकडं हाक मारली. "बाळू, लघवी लाल हुतीया रं."

"दुखतंय?"

"न्हाय."

"मग रंगच असंल. तंबाखूसंगं पोटात जातोय, खालनं गळतोय. धनं भिजवून पी."

दोन दिसांत साफ झाली. मी कॉलर ताठ केली. महिन्यानं परत लाल, परत धनं... असं वरीस गेलं. त्येची बायको, पारूवैनी, म्हणायची, डाक्टरला दावूया. मी म्हणायचो, "वैनी, मी हाय की."

त्येची कंबर धरली तवा दवाखान्यात गेलो. मूत्रपिंडातनं खाली उतरणाऱ्या नळीत कॅन्सर. मूत्रपिंड, नळी, समदं काढलं. किती दिस काढंल, इचारलं. डाक्टर म्हणालं, गाठ भिंतीत किती खोल शिरलीया, किती जहाल हाय, वय, तंबाखू, ह्येच्यावर हाय. काही रंगांनीबी हुतंय म्हणालं. मी धर्माला म्हणलं, "बघ, रंगच म्हणालोतो न्हवं?"

"व्हय लेका. रोग वळखलास, औषध तेवढं चुकलं."

भाईर येऊन मी एकटाच परत आत गेलो. "वरीसभर आदी आणला असता तर?"

"लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं. पण काही गाठी पहिल्यापासनंच जहाल असतात. नक्की सांगता यायचं नाही."

हितंच माझं डोस्कं अडाकलंय. धर्मा दोन वर्सांनी गेला. त्येला गाठीनं नेला, तंबाखूनं, का मी पाजलेल्या धनं-पाण्यानं? तंबाखू त्येच्यापरास मीच जास्त खाल्ली. त्योच रंग माझ्याबी हाताला. मी हाय.

तेराव्याला वैनीस्नी इचारलं, "मी अडवलं म्हणून..."

त्या म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाय, भावजी. तुमी तपासून घेतलं काय?"

"न्हाय."

"मग उद्या जावा. आता मी सांगतीया."

गेलो. रिपोर्ट साफ आला. तरीबी रोज सकाळी मोरीत वाकून बगतोय. साफच असती. त्येला निदान हाक मारायला मी हुतो... मी तितंच हुबा ऱ्हातोय, कुणाला हाक मारायची कळत न्हाय.