बुधवारचं दीड मिनिट

आमच्या पट्ट्यात गुरुवारी लाईट नसते, म्हणून कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. त्यामुळे बुधवारची संध्याकाळ म्हणजे नुसती पळापळ. मशीन पुसायचं, कॉम्प्युटर बंद करायचा, मग सहानंतर कंत्राटी इलेक्ट्रिशियन मेन स्विच पाडणार. घरी नेणारी बस मात्र पाच चाळीसची, आणि ती कुणासाठी थांबत नाही.

चाकणच्या त्या कारखान्यात मी क्वालिटीच्या खोलीत होते. तयार पार्ट मोजणारं मशीन आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर माझ्याकडे. एरवी तो चोवीस तास चालू, फक्त बुधवारी बंद करायचा. आणि बंद होताना तो माझा जीव खायचा. काळा पडदा, त्यावर एक इंग्रजी ओळ आणि पळणारे सेकंद. पंधरा, सोळा, सतरा... नव्वद झाले की कधीकधी पुन्हा पहिल्यापासून. मी खांद्याला पर्स, हातात डबा, एक पाय दाराबाहेर. मुळात मला थांबणं जमतच नाही. दूध तापेपर्यंतसुद्धा मी गॅससमोर उभी राहत नाही.

पण त्या दिवसांत घाईला कारणही होतं. लेक चार वर्षांची, रहाटणीतल्या पाळणाघरात. नवऱ्याची सेकंड शिफ्ट. पाळणाघरवाल्या काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सात म्हणजे सात. आता परत उशीर झाला तर दुसरीकडे बघा." बस चुकली की हायवेच्या ट्रॅफिकमध्ये आठ ठरलेले.

त्या बुधवारी आकडे दुसऱ्यांदा सुरू झाले आणि माझं डोकं फिरलं. पॉवरचं बटण दाबून धरलं. पडदा मेला. मी धावत सुटले, बस मिळाली, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. मोजमापाच्या फायली खराब झालेल्या, प्रॉडक्शनची लाइन थांबलेली. साहेबांनी थेट इलेक्ट्रिशियनला बोलावलं. नांदेडकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

"घरी पळायच्या घाईत मेन लवकर पाडलास ना?"

"न्हाई साहेब. सव्वासहाला पाडलो मी."

"मग हे काय भुताने केलं?"

मी तिथेच, चार हात लांब उभी होते. तोंड उघडलं नाही. नोकरी गेली तर घराचं काय, एवढंच डोक्यात. पुढचे तीन तास मी तेच तेच पार्ट उचलून ठेवत राहिले. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ते खूप बोलले. बोलायलाच हवं होतं.

तिथून इलेक्ट्रिशियनकडे गेले. वाटलं, हा तरी चिडेल. तो म्हणाला, "बंद व्हायला एवढा टाइम कामून लागतो, ताई?"

"काय माहीत. लागतो."

"कुणाची तरी वाट बघायलंय ते. कुणाची, ते बघा की."

एवढ्या वर्षांत ती ओळ मी एकदाही नीट वाचली नव्हती, नुसते आकडे बघून चरफडले होते. रागाच्या भरात एकदा पडद्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला होता, तो उघडला. ओळीत वरच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव होतं. माझी सगळी मोजमापं तिथे साठत. आणि ऑफिसवाले बुधवारी साडेपाचच्या ठोक्याला सर्व्हर बंद करून मोकळे व्हायचे. खाली माझा कॉम्प्युटर त्याच्या उत्तरासाठी ताटकळत बसायचा.

"म्हणजे आधी तुमचं, मग वरचं," तो म्हणाला. एवढंच होतं ते.

पुढच्या बुधवारी मी वर फोन करून सांगितलं, माझं झाल्याशिवाय सर्व्हरला हात लावू नका. कॉम्प्युटर बंद केला. सात सेकंद. मी खुळ्यासारखी पडद्याकडे बघत राहिले. हातात चांगला वेळ होता, म्हणून त्याला सांगायला पॅनल रूमकडे गेले. तिथे दुसराच माणूस.

"ते होय? त्यांना ठेकेदाराने शनिवारीच काढलं. शुक्रवारी सकाळी कंपनीतून फोन गेला होता म्हणे."

सकाळी. म्हणजे मी तोंड उघडायच्या आधी. दुपारी तो माझ्या कॉम्प्युटरची काळजी करत होता, तेव्हा त्याचं काम गेल्यातच जमा होतं. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आता झालं ते, मॅडम. बस जाईल तुमची."

बस मिळाली. पावणेसातला लेक कडेवर होती आणि काकू खूश होत्या. मला दीड मिनिट थांबता आलं नव्हतं. गप्प मात्र मी तीन तास बसले.