मनिलाकर आणि त्याचे आजोबा

मनिलाकर पुस्तक उघडण्याआधी हात धुऊन यायचा. पुस्तक एकच, चारशे वर्षांपूर्वीच्या एका स्पॅनिश नाटककाराचं. या गृहस्थाला तो 'आजोबा' म्हणे. फिलिपिन्सच्या या पोराचं खरं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला मनिलाकर केलं. राळेगणसिद्धीची पाण्याची कामं बघायला आला आणि नगरच्या आमच्या हौशी नाटकमंडळीत शिरला, तो वर्षभर हललाच नाही. मराठी शिकला खानावळीतल्या मावशींकडून, त्यामुळे बोलायचा थेट शेवगावकडचं.

आमचे दिग्दर्शक बापू एकदा त्याला चिडवायला म्हणाले, "ज्यांनी तुमच्यावर राज्य केलं, त्यांचाच लेखक डोक्यावर घेऊन नाचतोस होय रे?"

"राज्य करनारे जहाजातून आले, बापू. आजोबा घरीच हुते. लिहीत."

बापूंनी त्याच्यासाठी चहा मागवला.

मग त्याने स्वतःचं पहिलं नाटक लिहिलं. तो इंग्रजीत लिही, आम्ही मराठी करू. पोरीला शाळेसाठी गावीच ठेवू पाहणारी ऊसतोडीची बाई आणि तिला अडवणारा मुकादम, असा विषय. आजोबांच्या नाटकात शेवटी राजा येऊन न्याय करतो, म्हणून इथे कलेक्टर यायचा. कलेक्टर मी. वाक्यं मोजकीच, पण मी मेहुण्याचा कोट मागून आणला होता. सगळे म्हणत, शेवट खोटा वाटतो, काप. या शेवटाने नाटक पडेल अशी धास्ती त्यालाही होती. तरी ऐकेना. "आजोबांचं कापलं, मंग माझं काय ऱ्हायलं?" म्हणायचा.

शेवगावच्या प्रयोगाला मी बँकेतून परस्पर निघालो आणि वाटेत उसाची ट्रॉली उलटलेली. पोचलो तेव्हा पडदा पडला होता. बाईचं काम करणारी सुनीता कलेक्टरची वाट बघत राहिली. कुणी येईना, तेव्हा पोरीचं दप्तर छातीशी धरून ती प्रेक्षकांसमोर नुसती उभी राहिली. पडदा पडल्यावरही लोक उठेनात म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर मनिलाकर आजोबांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता, पण उघडलं नाही.

नगरचा प्रयोग तो मायदेशी निघण्याच्या आदल्या दिवशी होता. मी वेळेआधीच कोट चढवून हजर. बँकेतला सगळा स्टाफ पुढच्या रांगेत. सुनीताने वाटेकडे पाहिलं, मी पाऊल उचललं, आणि विंगेत मनिलाकरने माझा दंड धरला.

"नगा जाऊ, काका."

मला असा राग आला! झटकून जाता आलं असतं. पण मी थांबलो. समोर सुनीता एकटी उभी होती. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. पडदा पडला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी फुगूनच होतो. पुण्याची बस लागली तसा तो जवळ आला.

"रागावू नगा, काका. आजोबांच्या काळात राजा येत आसंल. सुनीताताईकडं कुनी येत न्हाई."

मी त्याला पोटाशी धरलं. आजोबांना नाही म्हणताना त्याने किती घट्ट धरलं होतं, ते माझ्या दंडाला ठाऊक होतं.