रचून ठेवलेली खिडकी

सेल्दोनीला जमिनीवर पडलेला दगड बघवत नसे. रस्त्याने चालता चालता मध्येच वाकायचा, दगड उचलायचा, हातात फिरवून त्याची चांगली बाजू शोधायचा आणि जवळच्या गडग्यात जिथे बसेल तिथे बसवून पुढे निघायचा. सोबतच्या माणसाला थांबावं लागे.

गडगे घालणं हाच त्याचा धंदा होता. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या रोकाफोस्का गावाच्या उतारावर ऑलिव्हची जी झाडं उभी आहेत, ती सगळी अशा गडग्यांनी धरून ठेवलेल्या अरुंद पट्ट्यांवर आहेत, आणि त्यांतले निम्मे गडगे सेल्दोनीने किंवा त्याच्या बापाने घातलेले. बापाने त्याला एक शिस्त लावली होती. एकदा हातात घेतलेला दगड परत जमिनीवर टाकायचा नाही. त्याला जागा असतेच, ती शोधायची.

मी गावच्या तेलाच्या सहकारी संस्थेत एकोणचाळीस वर्षं कचेरी सांभाळतो आहे. पुढच्या जूनमध्ये निवृत्त होईन. सेल्दोनी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, पण गावात सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात. आमची मैत्री जमली ती नीटनेटकेपणावरून. संस्थेच्या आवारात ऑलिव्हच्या पेट्या लावताना सगळे कशाही टाकून मोकळे होत. सेल्दोनीच्या पेट्या दोरी लावल्यासारख्या सरळ असत. अशा माणसावर माझा लगेच विश्वास बसतो. त्याच विश्वासाबद्दल पुढे सांगायचं आहे.

गावाच्या डोक्यावर किल्ला आहे. म्हणजे एक बुरूज, अर्धं प्रार्थनाघर आणि उत्तरेची भिंत. या भिंतीत पूर्वी एक जोडखिडकी होती. शेजारी शेजारी दोन लहान कमानी आणि मधोमध मनगटापेक्षा थोडा जाड असा दगडी खांब. खालच्या रस्त्याने येणाऱ्याला गावाच्या आधी ती खिडकी दिसायची, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसायचं.

१९८२ च्या सप्टेंबरात सेल्दोनीने ती भिंत आतल्या अंगणातून पाहिली आणि सरपंचाकडे गेला.

"भिंतीला पोट सुटलंय," तो म्हणाला.

"तुला आणि मलाही सुटलंय," सरपंच म्हणाले. "भिंतीला जास्त आहे का?"

"हातभर."

"मग दे की टेकू. लाकूड गावाचं, हात तुझे."

"देतो. एवढे ऑलिव्ह उतरले की देतो."

ऑलिव्ह उतरायच्या आधीच पाऊस आला. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, तीन दिवस सलग. रविवारी सकाळी लोक चर्चमधून बाहेर पडत असताना वरून आवाज आला. भरलेली गाडी मागून उघडावी तसा. सगळ्यांनी वर पाहिलं, तर खिडकीच्या जागी नुसतं आभाळ. बुरुजाजवळचा भिंतीचा तुकडा तेवढा उभा राहिला होता.

सेल्दोनीला कोणी दोष दिला नाही. सरपंचांनीही नाही. पण तो स्वतः तिसऱ्या दिवशी वर गेला आणि दगड गोळा करायला लागला.

"बार्सिलोनाहून माणसं येतील," तो सांगायचा. "भिंत परत उभी करायला. तेव्हा दगड असे उकिरड्यासारखे पडलेले नकोत. हात घातला की हवा तो दगड मिळाला पाहिजे."

माणसं आली नाहीत. तो मात्र वर जात राहिला, कामातून वेळ मिळेल तेव्हा, पुढे कामं कमी झाल्यावर रोज. दर्शनी दगड एका बाजूला, भरावाचे दुसऱ्या बाजूला, घडीव तिसऱ्या बाजूला. नुसते ढीग घालणं त्याच्या हाताला जमलं नसतं. त्याने किल्ल्याच्या अंगणात त्या दगडांचे तीन गडगे घातले, कमरेएवढे उंच आणि ओळंब्यात.

गावात त्याचं नाव किल्लेदार पडलं. कॉफीच्या दुकानातली रुफीना त्याला बघितलं की म्हणायची, "बसा किल्लेदार. तोफा नीट झाकून आलात ना?"

"आलो. तुझी कॉफी प्यायला जीव धोक्यात घालावा लागतो, तिथे तोफा काय करणार?"

रविवारी आम्ही दोघं दुसरे किल्ले बघायला जायचो. त्याची पांढरी जुनी गाडी, तिच्यात पाव, तेल, भाजलेला खारा मासा, कांदा. बावीस वर्षांत आम्ही कुठले कुठले डोंगर चढलो, त्याची यादी माझ्याकडे आहे. काही ठिकाणी फक्त एक कोपरा उरलेला असायचा आणि त्यात अंजिराचं झाड. काही ठिकाणी वाटच सापडायची नाही, झुडपांत शिरून कपडे फाडून घ्यायचे. डागडुजी झालेला किल्ला दिसला की सेल्दोनी भिंतीला तळवा लावून उभा राहायचा, मग खाली बसून पायाचा थर बघायचा.

"चांगलं केलंय," म्हणायचा. नाहीतर, "हा गवंडी बायकोशी भांडून आला होता."

एकदा अशाच एका किल्ल्यात उभी असलेली जोडखिडकी मिळाली. तो तिच्या दगडी बाकावर बसला आणि उठेचना. मी म्हटलं, "चल, ऊन उतरलं."

"अर्काडी, मी एवढे गडगे घातले," तो म्हणाला. "कोणी मान वर करून बघेल असा एकही नाही. सगळे माती धरायला. खिडकी एकाही गडग्यात नाही. आणि एक होती ती पाडली."

"तू पाडलीस?"

"मग कोणी? ऑलिव्ह थांबले असते."

त्यानंतर मी त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही. ती खिडकी परत वर चढलेली त्याला बघायची होती, एवढंच त्याचं उरलेलं मागणं होतं.

२०१६ साली प्रांताच्या कचेरीने पडक्या किल्ल्यांसाठी अर्ज मागवले. ग्रामपंचायतीने लिखापढी माझ्याकडे दिली. मी एक महिना बसून अर्ज तयार केला. सोबत फोटो हवे होते. बुरुजाचा काढला, उरलेल्या भिंतीचा काढला आणि तिसरा काढला तो सेल्दोनीच्या तीन गडग्यांचा. खाली मी स्वतः लिहिलं: पडलेल्या भिंतीचे सर्व दगड एका ग्रामस्थाने चौतीस वर्षं खपून आकारानुसार रचून ठेवले आहेत. मला वाटलं, याच फोटोवर आपलं काम होईल.

मार्चमध्ये कचेरीकडून आन्येस नावाची बाई पाहणीला आली. चाळिशीची, पायात चिखलाचे बूट, बोलायला साधी. सेल्दोनी दाढी करून आला होता. आम्ही तिघं वर गेलो. अंगणात आल्यावर ती थांबली आणि बराच वेळ गडग्यांकडे बघत राहिली. सेल्दोनीने टोपी काढून हातात घेतली.

"हे कोणी केलं?"

"मी," तो म्हणाला. "एकट्याने."

"आजोबा, भिंत पडली तेव्हाचा एखादा फोटो आहे? दगड जमिनीवर असतानाचा?"

"पडझडीचा फोटो कोण काढतं, बाई?"

ती खाली एका दगडावर बसली. तिला सांगायचं जिवावर आलं होतं, हे मला दिसत होतं.

"भिंत अशी एका बाजूला कलून पडते ना, ती बहुतेक ओळीने पडते," ती म्हणाली. "वरचे दगड लांब, खालचे जवळ. जशी उभी होती तशी आडवी होते. आम्ही एकेका दगडाची जागा मोजतो आणि मग खाली जे आहे ते वर चढवतो. तुम्ही हात लावला नसता तर..."

सेल्दोनी तिच्या तोंडाकडे बघत होता.

"खिडकीचे दगड मी वेगळे ठेवलेत," तो म्हणाला. "तिसरा गडगा. कमानीचे दगड ओळखू येतात, एका टोकाला निमुळते असतात."

ती उठून तिसऱ्या गडग्याजवळ गेली. हात फिरवला. मीही गेलो. इतकी वर्षं मी तो गडगा बघत होतो, पण त्यात निमुळता दगड एकही नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"निमुळते कुठे आहेत?" आन्येसने विचारलं.

सेल्दोनीने टोपी परत डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाला, "बसत नव्हते."

"म्हणजे?"

"गडग्यात बसत नव्हते. डुगडुगत होते. म्हणून कोपरे उडवले."

आन्येसने वही मिटली. खांबाचा एक तुकडा शाबूत होता, त्याचा तिने फोटो काढला आणि जाताना सेल्दोनीचा हात दोन्ही हातांत धरला. "असे गडगे मी कुठे पाहिले नाहीत, आजोबा," ती म्हणाली. ते तिच्या मनातलं होतं. सेल्दोनीने हात सोडवून घेतला.

एप्रिलमध्ये पत्र आलं. आमचा अर्ज नामंजूर. पैसे पलीकडच्या खोऱ्यातल्या एका किल्ल्याला मिळाले. तिथे चाळीस वर्षं कोणी फिरकलं नव्हतं, पडलेल्या दगडांवर काटेरी झुडपं माजली होती. आम्ही एका रविवारी तिथे जाऊन आलो होतो आणि गावाच्या आळशीपणावर हसलो होतो. मी पत्र सेल्दोनीला त्याच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं.

"त्यांनी हात नाही लावला म्हणून?" त्याने विचारलं.

"हो."

"पहिल्यांदा लावायचा होता तेव्हा मी नाही लावला," तो म्हणाला. आणि पावाचा तुकडा तेलात बुडवून तसाच ताटलीत ठेवला.

मी म्हणालो, चूक माझीही आहे. तो फोटो मी पाठवला, इतकी वर्षं वर येऊन तुला शाबासकी देत राहिलो. एखाद्या जाणकाराला एक पत्र टाकून विचारलं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

मे महिन्यात रुफीना मला म्हणाली, "तुझा किल्लेदार रोज पहाटे वर जातोय. काय करतोय जाऊन बघ जरा." या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

मी वर गेलो. सेल्दोनी तिसरा गडगा उसकटत होता. अंगणाच्या उतारावर, गवतात, त्याने साठ-सत्तर दगड सुटे मांडले होते.

"काय करतोस?"

"जिथे पडले होते तिथे ठेवतोय."

"आठवतं?"

"खांबाचा तुकडा आठवतो. तो या खडकाला टेकून होता. एक मोठा चिरा इथे उलटा पडला होता, त्याखालून सरडा निघाला." त्याने आजूबाजूला पाहिलं. "बाकीचे मी बघितलेच नाहीत रे. उचलताना फक्त त्यांची चांगली बाजू बघितली."

त्याच्या हातात एक घडीव दगड होता. त्याने तो फिरवला, परत फिरवला, दोन पावलं इकडे, चार पावलं तिकडे गेला. मग माझ्याजवळ आला.

"धर," म्हणाला. "मला याची जागा दिसत नाही."

मी दगड घेतला. तो माझ्याकडे न बघता वाटेला लागला. मी बराच वेळ तो दगड घेऊन उभा होतो. जड होता. शेवटी मी तो गवतात ठेवला, इतर दगडांच्या रांगेत. सवयीने रांगेतच ठेवला गेला.

सेल्दोनी परत वर गेला नाही. सप्टेंबरात उरलेल्या भिंतीलाही पोट सुटलेलं मला दिसलं. मी प्रांताच्या कचेरीला कळवलं. त्यांनी माणूस पाठवून जाळी ठोकली आणि फलक लावला: धोका, कशालाही हात लावू नये. टेकूबद्दल विचारलं, तर आधी पाहणी व्हावी लागेल असं उत्तर आलं. पाहणीची तारीख पुढच्या वर्षाची होती.

भिंत डिसेंबरात पडली, एका कोरड्या, थंड दुपारी. सेल्दोनीने गवतात मांडलेल्या दगडांवरच पडली. कुठला दगड कधीचा, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी आन्येसला फोन केला. ती म्हणाली, "असू दे. कोणी काही हलवू नका."

मी संध्याकाळी सेल्दोनीकडे गेलो. तो चुलीजवळ बसला होता. आवाज त्यानेही ऐकला होता.

"सगळी?" त्याने विचारलं.

"सगळी."

"कुठल्या बाजूला?"

"अंगणात."

त्याने मान हलवली. "दगड कोणी उचलले नाहीत ना?"

"नाही."

"बरं केलं."

त्याने मला थोडी वाइन ओतली. ती संपल्यावर मी उठलो. तो मला फाटकापर्यंत पोचवायला आला. त्याच्या दारातल्या गडग्याचा वरचा एक दगड निसटून वाटेत पडला होता, बहुतेक दुपारच्या हादऱ्याने. सेल्दोनीने तो पाहिला. मग गडग्याला धरून, पाय जपून उचलत, तो त्याला वळसा घालून पुढे गेला.