मोरपीस लावलेला विमा

"शर्ट उतारो भाई. मेहमानों को आदिवासी दिखना चाहिए, बाबू नहीं."

विमा कंपनीच्या साहेबाने मोरपिसांचा तुरा माझ्या हातात कोंबला. गोंदियातल्या एका हॉटेलचा हॉल. चार देशांचे पाहुणे आले होते, गरिबापर्यंत विमा कसा पोहोचतो ते पाहायला. मी बी.ए. झालेला गोंड. चिचगडकडच्या गावांत कंपनीचा विमा मीच घरोघरी नेला होता. तरी शर्ट काढला. तुरा बांधला. ती लाज अजून अंगावरून उतरलेली नाही.

शेजारी माझी काकी बसली होती. 'लाभार्थी' म्हणून तिला जीपमध्ये घालून आणलं होतं. लाभ मिळालाच नव्हता. काका मोहफुलं वेचायला गेला, अस्वलाने फाडला. आमच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत गावाने त्याला माती दिली. कंपनीला पोस्टमॉर्टेमचा कागद हवा होता. मातीआधी प्रेत चिरून घ्यावं लागतं, हे विमा विकताना मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणी अंगठा दिला नसता. मला ठाऊक होतं.

क्लेम घेऊन गेलो तेव्हा साहेब चहा पीत म्हणाला होता, "तो खोदके निकालो. हड्डियाँ तो होंगी."

मी ते काकीला सांगितलं. ती एवढंच बोलली, "काऊन रे बाबू, तुह्या काकाले आता दुसऱ्यांदा मरा लागन का?"

हॉलमध्ये पडद्यावर आफ्रिकेतली एक बाई झळकली. मग बांगलादेशातली. मग आमची काकी. सगळ्या हसऱ्या. काकीचा फोटो विमा काढला त्या दिवसाचा. शेजारी काका उभा होता, तो कापून टाकलेला. वित्तीय समावेशन म्हणे! देश कुठलाही असो, गरिबाला फोटोत हसवायचं, हप्ता घ्यायचा, आणि मेला की मेल्याचा पुरावा त्याच्याच बायकोकडे मागायचा.

साहेबाने माईक पुढे केला. "बता, काकी को बीमा कैसे मिला."

"नाही मिळाला," मी म्हणालो.

साहेबाने हसत इंग्रजीत सांगितलं, हा आपले आभार मानतो आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काकीनेही वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून.

तिचे ते हात पाहिले आणि तुरा काढून टेबलावर आपटला.

"क्लेम रिजेक्टेड," मी म्हणालो. "रिजेक्टेड!"

याला भाषांतर लागलं नाही. टाळ्या थांबल्या.

"औकात में रह," साहेब कानाशी फुत्कारला. मी शर्ट घातला, काकीचा हात धरला, बाहेर पडलो.

आता ही पोस्टमॉर्टेमची अट गावोगाव मीच सांगत फिरतो, कारण आधी लपवलंही मीच. जंगलातल्या मरणाला ग्रामसभेचा ठराव आणि पोलीस पाटलाचा पंचनामा पुरावा मानू, असं कंपनी जोवर लिहून देत नाही, तोवर आमच्या गावांत एकही अंगठा उमटणार नाही.

काकाला उकरणार नाही. क्लेमही सोडणार नाही.